बुकित तिमाहचा पत्रा

भारतातून पाहुणे आले की त्यांना सिंगापूर दाखवण्याचा आपल्या सगळ्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. मर्लायन, सेंतोसा, प्राणिसंग्रहालय आणि शेवटच्या दिवशी मुस्तफा. आमच्या मामांनी मात्र दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी चहा घेता घेता विचारलं, "अरे, सगळं नवंकोरं दाखवतोयस. इथे काही जुनं, तेलकट, हातानं केलेलं आहे की नाही?"

मामा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. सगळी नोकरी बॉडी सेक्शनला. कंपनीकडून यायची ती नुसती उघडी चासी. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस. तिच्यावर सांगाडा उभा करायचा, पत्रा चढवायचा, रिबिटं मारायची आणि लाल डबा रस्त्यावर सोडायचा हे काम एस.टी. स्वतः करायची, दापोडीला, चिकलठाण्याला आणि नागपूरच्या हिंगण्याला. अशा माणसाला युनिव्हर्सल स्टुडिओत काय दाखवणार? मी त्यांना अपर बुकित तिमाह रोडवरच्या जुन्या फोर्ड कारखान्यात घेऊन गेलो.

आपल्यापैकी बरेच जण मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने तिथे जाऊन आले असतील. आर्ट डेको पद्धतीचा देखणा दर्शनी भाग, आत जपानी राजवटीचं प्रदर्शन, आणि १५ फेब्रुवारी १९४२ च्या संध्याकाळी जनरल पर्सिव्हलने जनरल यामाशितापुढे शरणागती पत्करली ती खोली. खोलीतलं टेबल मात्र प्रतिकृती आहे. मूळ टेबल कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहे. २००६ साली ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. २०१७ मध्ये नूतनीकरण करून उघडताना प्रदर्शनाला 'स्योनान गॅलरी' असं नाव दिलं होतं. स्योनान म्हणजे जपान्यांनी सिंगापूरला दिलेलं नाव. ज्यांच्या घरातली माणसं त्या साडेतीन वर्षांत गेली त्यांना ते फार लागलं आणि दोन दिवसांत ते नाव मागे घ्यावं लागलं.

मामांनी सगळं शांतपणे पाहिलं, वाचलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "इथे मोटारी बनत होत्या म्हणतोस. मग प्रेस कुठे होता? पत्रा कुठे दाबायचे?"

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः इंजिनिअर, आणि या प्रदर्शनाला तीनदा येऊन गेलेला. पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. पुढचे काही महिने जमेल तसं वाचत गेलो. मंडळी, हा लेख म्हणजे मामांना दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. प्रेस नव्हताच.

फोर्ड मोटर कंपनी ऑफ मलाया १९२६ साली सिंगापुरात सुरू झाली. पहिली जागा एंगोर स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या तांजोंग पागार भागात, एका साध्या गॅरेजवजा इमारतीत. आणि याच १९२६ साली फोर्डने मुंबईतही आपली कंपनी काढली. गंमत अशी की या दोन्ही कंपन्या डेट्रॉइटच्या नव्हत्या, कॅनडाच्या होत्या. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांमध्ये एकमेकांच्या मालावर जकातीची सवलत असे, म्हणून हेन्री फोर्डने मलाया, हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका ही सगळी दुकानं फोर्ड कॅनडाच्या नावावर टाकली होती. म्हणजे सिंगापूरची फोर्ड आणि मुंबईची फोर्ड या सख्ख्या बहिणी, माहेर दोघींचं ऑन्टारिओ प्रांतातलं विंडसर.

माहेरहून यायच्या त्या पेट्या. अख्खी मोटार बोटीवर चढवली तर निम्मी जागा हवेचीच जाते. म्हणून ती सुटी करून पाठवायची. मडगार्डं एकात एक, स्वयंपाकघरातल्या वाट्यांसारखी बसवायची, दरवाजे चळतीने रचायचे. इथे पेट्या फोडून भाग जोडायचे, रंगवायचे, गाद्या बसवायच्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये सुरू केलेला कारखानाही याच जातीचा. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बुकित तिमाहला जो कारखाना उघडला तो आग्नेय आशियातला मोटारजुळणीचा एक मोठा कारखाना. पण तोही जुळणीचाच. पत्र्याला आकार देणारे अवाढव्य प्रेस आणि त्यांचे पोलादी साचे सातासमुद्रापार राहिले. एका मडगार्डाचा साचा करायला इतका खर्च येतो की हजारोंच्या संख्येने मडगार्डं काढली तरच तो फिटतो. मलायात किंवा हिंदुस्थानात तेवढी मागणी नव्हती, आणि असती तरी साचा इथे पाठवण्यात विंडसरचा काय फायदा?

आपल्याकडे हे दुखणं सोलापूरच्या एका माणसाने बरोबर ओळखलं होतं. वालचंद हिराचंद. मोटार नुसती जोडायची नाही, घडवायची, हा त्यांचा ध्यास. सर विश्वेश्वरय्यांनी १९३५-३६ च्या सुमारास परदेशातले कारखाने पाहून आराखडा केला, वालचंदांनी तो उचलून धरला. सरकारने युद्धाचं निमित्त पुढे करून तो अडवला. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने मोटारी आणि ट्रक बाहेर पडू लागले. पुढे १९५३ मध्ये भारत सरकारने सांगितलं की घडवायचा कार्यक्रम असेल तर राहा, नुसती जुळणी करायची असेल तर गाशा गुंडाळा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. (आज प्रीमियरच्या त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. असो.)

तर, बुकित तिमाह. कारखाना उघडून चार महिनेही झाले नव्हते तोच सिंगापूर पडलं. त्या चार महिन्यांत तिथे रॉयल एअर फोर्सची पेट्यांतून आलेली लढाऊ विमानं जोडली गेली आणि जानेवारीच्या अखेरीस ती विमानं सिंगापूर सोडून उडूनही गेली. शरणागतीनंतर निस्सान कंपनीने कारखाना ताब्यात घेऊन जपानी लष्करासाठी ट्रक जोडायला सुरुवात केली. त्यातला विनोद पाहा. निस्सानचा युद्धापूर्वीचा ट्रक ग्रॅहम-पेज या अमेरिकी कंपनीकडून विकत घेतलेल्या आराखड्यांवरच बेतलेला होता. इमारत अमेरिकी नावाची, मालक जपानी, ट्रकचा वंश पुन्हा अमेरिकी.

आणि ब्रिटिशांचे हजारो ट्रक? चालू होते ते जपान्यांनी घेतले. मोडलेल्यांची कथा मला संग्रहालयात नाही, चांगीच्या युद्धकैद्यांच्या आठवणींमध्ये सापडली, आणि हा सगळा विषय माझ्यासाठी तिथे बदलला.

कैद्यांना लाकूड आणायचं होतं, धान्य आणायचं होतं, आजारी माणसं हलवायची होती. पेट्रोल नाही, इंजिनांचा उपयोग नाही. तेव्हा त्यांनी भंगार ट्रक घेतले आणि सोलले. बॉनेट काढलं, मडगार्डं काढली, इंजिन काढलं, केबिन काढली. उरली चासी आणि चार चाकं. पुढे दोर बांधले आणि बैलांसारखी माणसं जुंपली. एक जण स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळायला वर, बाकीचे दोर ओढायला. अर्धपोटी माणसं टनावारी लाकूड ओढत होती. आणि जो पत्रा सोलला तो वाया गेला नाही. भांडी झाली, डबे झाले, कृत्रिम पायांचे भाग झाले. चांगीच्या संग्रहालयात जो पितळी क्रॉस आहे तोही १९४२ मध्ये कैद्यांनी तोफेच्या गोळ्याच्या कवचातून, हाताशी होती त्या अवजारांनी केलेला. गावातही तेच. पेट्रोल नाही म्हणून कोळशाच्या धुरावर मोटारी चालवायच्या, तर त्याच्या भट्ट्या पत्र्याच्याच. आपल्याकडेही युद्धकाळात मोटारींच्या मागे असे कोळशाचे बंब लागले होते.

म्हणजे बुकित तिमाहच्या कारखान्यात ज्याची गरज पडली नाही ते कौशल्य कारखान्याबाहेर भरपूर होतं. त्याला फक्त कोणी उद्योग म्हणत नव्हतं. १९२० च्या दशकात सिंगापुरात ज्या 'मॉस्किटो बस' धावायच्या, सात प्रवाशांच्या, त्यांची बॉडी फोर्डच्या चासीवर इथल्याच चिनी सुतार-पत्रेवाल्यांनी बांधलेली असे. तिकडे १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला एस.टी.ची पहिली बस गेली ती बेडफर्ड, तिची बॉडी लाकडी आणि आसनं काथ्याची. भारतात तर मालट्रकची केबिन कितीतरी वर्षं कारखान्याबाहेरच बांधली जायची. नुसत्या चासीवर लाकडी खोका टाकून, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडकं बांधून शेकडो मैल ट्रक घेऊन जाणारे ड्रायव्हर माझ्या पिढीने हायवेवर पाहिलेले आहेत.

युद्धानंतर १९४७ मध्ये फोर्डचा कारखाना पुन्हा सुरू झाला आणि जून १९८० मध्ये कायमचा बंद झाला. मागचा बराचसा भाग पाडला गेला. आता इथल्या रस्त्यांवर जुना ट्रक का दिसत नाही हे वेगळं सांगायला नको. १९९० पासून सी.ओ.ई. आला, आणि व्यापारी गाड्यांना तर वीस वर्षांची आयुर्मर्यादाच आहे. जुन्या हौशी मोटारींसाठी वर्षातले मोजके दिवस चालवायची सवलत तरी आहे. मालट्रकचं कौतुक कोण करणार? तो झिजेपर्यंत राबतो आणि भंगारात जातो. म्हणूनच मोटारींपेक्षा जुने ट्रक जगभर दुर्मिळ आहेत, आणि म्हणूनच एखादा सापडला की त्याचे भाग कुठेच मिळत नाहीत. साचे केव्हाच वितळवलेले असतात.

मामांच्या त्या मुक्कामातच योग असा आला की माझ्या ओळखीच्या एका स्थानिक गृहस्थाने जोहोरमधल्या एका मळ्यातून फोर्ड ट्रकची पुढची बाजू मिळवली होती, युद्धाच्या आसपासची. रस्त्यावर आणायची नव्हतीच, नुसती उभी करून ठेवायची. उजवं मडगार्ड बरं होतं. डावं खालच्या शिवणीत गंजून पार जाळी झालेलं. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तिथे पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही, त्यात ही समुद्राची हवा. सिन मिंगच्या एका जुन्या गाळ्यात सत्तरीचे एक चिनी अंकल ते नवीन करत होते. मी मामांना घेऊन गेलो.

आता इथे जरा रेंगाळतो, कारण जे मी पाहिलं ते सांगण्यासारखं आहे.

पुठ्ठ्याची फर्मा कापून पत्र्यावर ठेवायची आणि कापायचं, एवढंच आपल्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये शिकवलेलं असतं. (मी केलेल्या ट्रेमध्ये पाणी राहत नसे, तरी पास केलं.) पेटी, नरसाळं, डबा हे सगळं सपाट पत्र्यातून दुमडून होतं. मडगार्ड तसं होत नाही. ते दोन्ही अंगांनी गोल असतं. नारळाला कागद गुंडाळून पाहा, कडेला चुण्या पडतातच. पत्र्यालाही पडतात.

यावर उपाय काय हे आपल्या घरातल्या बायकांना पक्कं माहीत आहे. उकडीचा मोदक. पारी मध्ये दाबून पातळ करत जायची म्हणजे ती खोल होते, आणि कडेला कळ्या पाडून त्या एकत्र आणायच्या म्हणजे कड आखडते. पत्रेकामात याशिवाय तिसरं काही नाही. मध्ये ताणायचा, कडेला आखडायचा. वाळूने भरलेल्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवून अंकल लाकडी हातोड्याने मध्ये ठोकत होते, तिथे तो ताणला जाऊन खोलगट होत होता. मग कडेला चिमट्याने मुद्दाम चुणी पाडायची. त्या चुणीचं बाहेरचं तोंड आधी ठोकून बंद करायचं, म्हणजे ती उलगडून पळत नाही, आणि मग उरलेली चुणी हळूहळू पत्र्यातच जिरवायची. तिथे पत्रा किंचित जाड होतो. मोदकाची कळी टोकाला जाड लागते ना, तसंच. फरक इतकाच की मोदक दोन मिनिटांत होतो आणि इथे एका कडेला सकाळ गेली.

ठोकून ठोकून पत्रा कडक होतो आणि पुढे ऐकेनासा होतो. मग तो लाल तापवून सावकाश निवू द्यायचा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचं हेच करतात, तापवतात आणि पुन्हा ठोकायला घेतात. पाणी तापवणारा आपला तो घरचा बंब याच विद्येतून आलेला, आणि आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. तांबटाच्या भांड्यावर हातोड्याचे ठसे मुद्दाम ठेवतात, मठारकाम म्हणतात त्याला, ती त्याची शोभा. मडगार्डावर तोच ठसा म्हणजे दोष. म्हणून शेवटी ते दोन चाकांच्या यंत्रातून पुढेमागे काढतात. वरचं चाक सपाट, खालचं फुगीर, मध्ये पत्रा. शे-दोनशे वेळा गेला की ठोके मावळतात.

मडगार्ड एका तुकड्यात होईना म्हणून तीन तुकडे केले होते. ते गॅसने जोडले. आर्कपेक्षा गॅसचा जोड मऊ राहतो, म्हणजे नंतर ठोकता येतो. जोड थंड होताना आखडतो आणि शेजारचा पत्रा ओढतो, म्हणून जोडावरच हातोडी आणि खाली डॉली धरून तो पुन्हा ताणून सोडवायचा. बाकी राहिलेले बारीक खळगे हल्ली पुट्टी लावून भरतात. पूर्वी आधी कथलाची कल्हई करून वर शिसं भरायचे. अंकल अजून तसंच करत होते. कल्हईचा धूर निघाला तेव्हा मामांनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मी शिशाच्या विषारीपणाबद्दल काही बोलणार होतो, पण गप्प बसलो.

सगळ्यात अवघड होती ती बाहेरची कड. जुन्या मडगार्डाची कड तारेवर दुमडलेली असते, म्हणजे हाताला लागत नाही आणि थरथरत नाही. त्यासाठी तारेच्या जाडीच्या साधारण अडीचपट पत्रा जास्त सोडायचा. कॉलेजच्या ट्रेला हेच सूत्र होतं. सरळ कडेला ठीक. वळणदार कडेला ती पट्टी दुमडताना कुठे कमी पडते, कुठे जास्त होते. तिथे अंकल दोनदा अडले. तिसऱ्यांदा मामा पुढे झाले.

दोघांमध्ये एकही भाषा समान नव्हती. अंकलना होक्कियन आणि थोडं इंग्रजी, मामांना मराठी आणि त्याहून थोडं इंग्रजी. मामांनी बोटांनी दाखवलं की कड एकदम नव्वद अंशात वळवू नका, आधी सगळीकडे थोडी, मग पुन्हा सगळीकडे थोडी. एस.टी.च्या छताच्या कोपऱ्याला आम्ही असंच करायचो, हे मला म्हणाले. अंकलनी मान हलवली, हातोडी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः डॉली धरून उभे राहिले. पुढचा तासभर कोणी काही बोललं नाही.

मालक संध्याकाळी आला, आणि मग खरा वाद झाला. त्याला अचानक वाटू लागलं की जुनं डावं मडगार्डच लावावं, जाळीसकट. विंडसरहून पेटीतून आलेला पत्रा तो, नवं लावलं तर ट्रकचा डावा गाल खोटा. मामांना हे पटेना. मडगार्ड कशासाठी असतं? चिखल अडवायला. भोकं असलेलं मडगार्ड म्हणजे मडगार्ड नव्हे. एस.टी. मधला कोणता पत्रा मूळचा होता? दर काही वर्षांनी बदलायचे, बस तीच राहायची.

मला दोघांचंही पटत होतं, तरी माझं मत सांगतो. चांगीत ज्या ट्रकांचा पत्रा सोलून डबे झाले ते ट्रक खोटे झाले का? प्रश्न मूळ कोणतं याचा नसून काय बदललं ते पुढच्याला कळेल का, याचा आहे. शरणागतीच्या खोलीतलं टेबल प्रतिकृती आहे, मूळ कुठे आहे तेही माहीत आहे, मग कोणाची फसवणूक होत नाही. चांगल्या संग्रहालयांत नवीन घडवलेल्या भागावर आतल्या बाजूला खूण आणि साल ठोकून ठेवतात. मी तेवढंच सुचवलं. मालक थोडा वेळ विचारात पडला आणि तयार झाला. जुनं मडगार्ड तेल पुसून गाळ्याच्या भिंतीवर टांगलं.

मडगार्डाच्या आतल्या अंगाला, चिखल लागतो तिथे, अंकलनी पंचाने साल ठोकलं आणि खाली स्वतःच्या आडनावाचं चिनी अक्षर. मग पंच मामांपुढे धरला. मामा संकोचले. तीस-पस्तीस वर्षांत एस.टी.च्या हजारो पत्र्यांवर त्यांनी रिबिटं मारली, नाव कुठेच नाही. नाव घालायची पद्धतच नव्हती. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि देवनागरीत एकच अक्षर ठोकलं, 'द'.

"मामा, द कशाचा?" मी गाडीत विचारलं. त्यांच्या नावात किंवा आडनावात द नाही.

"दापोडीचा," ते म्हणाले.

निघताना कापून उरलेला एक तळहाताएवढा तुकडा त्यांनी मागून घेतला होता. पुढच्या शनिवारी चांगीला बॅग चेक-इन करायच्या आधी तो कपड्यांच्या घडीत नीट आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. "वीस गेज म्हणत होता तुझा मित्र," अंगठ्याच्या नखाने कड चाचपत ते म्हणाले, "अठरा आहे हा."